पक्ष्याच्या मागे काय आहे

जंगली पक्ष्याचा फोटो बहुतेक वेळा पक्ष्यामुळे बिघडत नाही, मागच्या एखाद्या काडीमुळे बिघडतो. डोळा टोकदार, म्हणजे अगदी स्पष्ट, आलेला असतो, पिसन् पीस सुटं दिसत असतं, मान हवी तशी वळलेली असते, आणि नेमकी डोक्यातून उगवल्यासारखी एक वाळकी काडी वर गेलेली असते. नाहीतर पोटामागे पानांतून झिरपलेल्या उन्हाचा पांढरा ठिपका. एकदा तो दिसला की मग पक्षी दिसेनासा होतो, नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाते.

तिथे उभं असताना ही काडी जाणवत नाही. आपले दोन डोळे आणि मेंदू मिळून पक्ष्याला मागच्या पसाऱ्यातून आपोआप वेगळं काढतात. पक्षी जवळ आणि फांदी लांब हे आपल्याला विचार न करता कळतं. त्यात पक्षी हलत असतो, आणि हलत्या जिवावर डोळा खिळला की बाकीचं सगळं विरून जातं. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. दहा मीटरवरचा पक्षी आणि बारा मीटरवरची काडी तो एकाच सपाट पृष्ठभागावर आणून ठेवतो आणि दोघं एकमेकांना चिकटतात. त्यामुळे स्वच्छ बॅकग्राउंड मिळवायचं तर आधी पक्ष्यावरची नजर काढून त्याच्या मागे बघायची सवय लावावी लागते. ही सवय अंगी बाणायला वेळ लागतो, कारण समोर पक्षी असताना दुसरीकडे बघवतच नाही.

मागे मऊ, एकसंध हिरवा पडदा असलेला फोटो पाहिला की लोक विचारतात, लेन्स कुठली? प्रश्न रास्त आहे. लेन्सचा वाटा असतोच, पण तो किती आणि कुठे, हे आकड्यांतून एकदा समजून घेतलं तर पुढचं बरंच सोपं होतं.

फोकल लेंथ म्हणजे लेन्स लांबचं किती मोठं करून दाखवते ते सांगणारा मिलिमीटरमधला आकडा, आणि एफ-नंबर म्हणजे तिचं तोंड किती उघडं आहे ते सांगणारा, आकडा लहान तितकं तोंड मोठं. फोकल लेंथला एफ-नंबरने भागलं की लेन्सच्या उघड्या तोंडाचा व्यास मिळतो. ५०० मिलिमीटर एफ/४ लेन्सचा तो १२५ मिलिमीटर, ४०० मिलिमीटर एफ/५.६चा साधारण ७१. आता पक्षी बसलाय त्या जागी एक उभी काच आहे असं धरून चला. खूप लांबचा प्रत्येक प्रकाशबिंदू, मग ती पानावरची चकाकी असो की फांदीचं टोक, या काचेवर जवळजवळ त्या व्यासाएवढ्या गोल डागात पसरतो. म्हणजे ५००च्या लेन्समध्ये लांबच्या झाडीचा कण न् कण साडेबारा सेंटिमीटरच्या वर्तुळात पसरवला जातो. गप्पीदास चोचीपासून शेपटीपर्यंत जवळपास एवढाच असतो. अख्ख्या पक्ष्याएवढ्या डागात काडी कुठून शिल्लक राहणार?

मात्र ही गोष्ट झाली ‘खूप लांब’ची. पक्षी १० मीटरवर आणि झुडूप त्याच्या मागे फक्त एका मीटरवर असेल, तर हाच डाग ११ मिलिमीटरवर येतो. काडी ओळखू येते, नुसती जाड आणि घाणेरडी होते. तेच झुडूप ३० मीटर मागे असेल तर डाग ९४ मिलिमीटरचा. लेन्स तीच, एफ-नंबर तोच, पक्षी तोच, आणि डाग आठपट. याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवून बघा. ५०० एफ/४ ऐवजी ६०० एफ/४ घेतली तर १२५चे १५० होतात, म्हणजे वाढ फक्त एक पंचमांश. हा हिशेब मला कळला त्यानंतर लेन्सबद्दलची माझी हळहळ जवळजवळ संपली. पक्षी दुसऱ्या, मोकळ्या फांदीवर येईपर्यंत थांबण्यात जे मिळतं ते कुठल्याच लेन्समध्ये विकत मिळत नाही.

जाता जाता टेलिकन्व्हर्टरबद्दल, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या, चित्र मोठं करणाऱ्या जोडभिंगाबद्दल. १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला की ५०० एफ/४ची ७०० एफ/५.६ होते. भागाकार करा, उत्तर पुन्हा १२५. पक्षी मोठा होतो, मागचा डागही त्याच प्रमाणात मोठा होतो, आणि पक्ष्याच्या तुलनेत बॅकग्राउंड होतं तसंच राहतं.

ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं हे तोंड, कायम सताड उघडं ठेवायचा हट्टही मला पटत नाही. ५०० मिलिमीटरवर, १० मीटर अंतरावर, फुलफ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एफ/५.६ला जेमतेम १३ सेंटिमीटर खोलीचा पट्टा टोकदार येतो आणि एफ/८ला १९. पक्षी आडवा बसला असेल तर १३ पुरतात. तो आपल्याकडे तोंड करून बसला असेल तर चोच, डोळा आणि मागे गेलेली शेपटी एकाच पट्ट्यात बसवणं अवघड होतं. मागचं झाड खरोखरच ३० मीटरवर असेल तर एफ/८लाही डाग ४७ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एक मीटरवरच्या झुडपाला एफ/४ने मिळणाऱ्या डागाच्या चौपट. जागा चांगली निवडली की ॲपर्चरशी उदार होता येतं.

आता ज्या गोष्टीने माझ्या फोटोंमध्ये सगळ्यात जास्त फरक पडला तिच्याबद्दल, म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल.

चिखलाच्या काठावर तुतवार फिरतोय असं समजा. तो १० मीटरवर आहे, डोकं चिखलापासून साधारण १० सेंटिमीटर वर. आपण उभे आहोत आणि कॅमेरा दीड मीटर उंचीवर आहे. लेन्समधून निघून त्याच्या डोक्याला घासून जाणारी सरळ रेघ पुढे ७० सेंटिमीटरवरच चिखलात घुसते. म्हणजे डोक्यामागचं बॅकग्राउंड जेमतेम पाऊण मीटर मागे, आणि त्यात जे काही आहे, खडे, शेवाळ, पावलांचे ठसे, ते सगळं अर्धवट ओळखू येणार. ५०० एफ/४चा डाग इथे फक्त ८ मिलिमीटरचा. आता पोटावर झोपा आणि कॅमेरा जमिनीपासून २० सेंटिमीटरवर आणा. तीच रेघ डोक्यावरून पुढे निघते आणि तब्बल १० मीटर मागे जमिनीला टेकते. डाग ६२ मिलिमीटर होतो. आपण जागचे हललो नाही, पक्षी हलला नाही, नुसतं झोपल्याने बॅकग्राउंड पाऊण मीटरवरून १० मीटरवर गेलं. आणखी खाली, पक्ष्याच्या डोक्याच्या बरोबरीने गेलो तर रेघ जमिनीला टेकतच नाही. मग मागे येतो पलीकडचा काठ, त्याच्या मागची झाडी किंवा नुसतं आकाश.

हे आकडे कागदावर वाचणं वेगळं आणि कोपर ओल्या मातीत रुतवून बघणं वेगळं. दाणे भरलेल्या पिशवीवर, म्हणजे बीन बॅगवर, लेन्स टेकवली, गाल कॅमेऱ्याला लावला की आधी दिसतो पुढच्या चिखलाचा धूसर पट्टा. तो इतका जवळ असतो की नुसता तपकिरी वाफेसारखा दिसतो. मग एक अगदी बारीक, टोकदार रेघ, ज्यात चिखलाचा कण न् कण दिसतो. आणि तिच्या मागे पुन्हा धूसर. तुतवार त्या बारीक रेघेवर चालत येतो, शेपूट सारखी खालीवर करत. तो दोन पावलं पुढे आला की त्याच्यासोबत रेघही पुढे आणावी लागते. तो वाकून चिखलात चोच घालतो तेव्हा पाठ आणि मागचं पाणी यांच्यामध्ये काहीही उरत नाही, फक्त कडा. पाणी असेल आणि पलीकडच्या काठावर झाडी असेल तर पाण्याला झाडीचा रंग येतो, सकाळच्या कोवळ्या उन्हात सोनेरी, दुपारकडे हिरवा. वारा पडलेला असेल तर हा रंग एकसलग असतो. बारीक लाटा असतील तर त्याच्यावर आडव्या रेघा उमटतात, आणि मला त्याही आवडतात.

झोपण्याचा दुसरा फायदा हिशेबात दिसत नाही. उभ्या माणसाची आकृती पक्ष्यांना लांबूनच कळते. जमिनीला चिकटून, न हलता पडलेल्या माणसाजवळ ते हळूहळू येतात. कितीदा तरी असा तुतवार येता येता इतका जवळ आला आहे की लेन्स त्याच्यावर फोकसच होईना. अशा वेळी मी कॅमेरा तसाच ठेवून नुसती बघत पडून राहते.

झाडावरच्या पक्ष्यांचं गणित उलटं. खालून वर पाहिलं की मागे येतं फटफटीत आकाश किंवा त्याच झाडाचा फांद्यांचा गुंता, दीड-दोन हातांवर. इथे आपल्यालाच उंची मिळवावी लागते. उतार, बांध, टेकाड, काहीही चालतं. उतारावर उभं राहून खालच्या झाडाचा शेंडा डोळ्यांच्या रेषेत आला की पक्ष्याच्या मागे समोरची दरी येते, आणि ती शेकडो मीटर लांब असते. तिथे साधी लेन्ससुद्धा राजासारखी वागते.

उंचीनंतर आडवी सरक. ५०० मिलिमीटरची लेन्स फुलफ्रेमवर १० मीटर अंतरावर फक्त ७२ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा पाहते. ४० मीटरवर हाच तुकडा तीन मीटरहूनही कमी. म्हणजे सगळं रान स्वच्छ असायची गरज नाही, तीन मीटरचा एक बरा पट्टा सापडला तरी बास. आणि तो पट्टा पक्ष्याच्या मागे आणणं आपल्या हातात असतं. पक्षी १० मीटरवर, झाडी ४० मीटरवर असेल तर आपण २० सेंटिमीटर उजवीकडे कललो की मागची झाडी पक्ष्याच्या तुलनेत ६० सेंटिमीटर उजवीकडे सरकते.

गवताच्या वाळक्या दांड्यावर गप्पीदास नर बसलेला असतो. काळं डोकं, मानेला पांढरा डाग, छातीवर नारिंगी. मागच्या झाडीत एक फट असते, तिच्यातून आकाश चमकत असतं, आणि ती फट बरोबर काळ्या डोक्याच्या मागे. व्ह्यूफाइंडरमध्ये डोक्याची कड त्या उजेडात विरघळते, डोळा कुठे संपतो आणि डोकं कुठे हे कळत नाही. मी पाय न हलवता नुसती कमरेतून उजवीकडे झुकते. फट उजवीकडे घसरते, डोक्याला ओलांडून फ्रेमच्या कडेकडे जाते, आणि तिच्या जागी झाडीचा काळपट हिरवा येतो. आता मानेचा पांढरा डाग एकदम उठून दिसतो. अजून थोडं झुकले तर फट फ्रेमबाहेर. पक्ष्याने एवढ्यात दोनदा मान वळवलेली असते, उडालेला नसतो. शरीराची एवढीशी हालचाल त्याला चालते. पाऊल उचललं असतं तर कदाचित चाललं नसतं.

दोन रंग जिथे भेटतात ती रेघही अशीच सांभाळावी लागते. गवत संपून झाडी सुरू होते तिथे आडवी रेघ बनते, आणि ती पक्ष्याच्या मानेतून गेली तर फोटो कापल्यासारखा वाटतो. कॅमेरा थोडा खाली किंवा वर घेतला की ती पायांशी तरी जाते किंवा डोक्याच्या बरीच वर.

या सगळ्यामुळे माझी पद्धतच उलटी झाली. पक्षी शोधत फिरण्याऐवजी मी आधी बॅकग्राउंड शोधते. लांबची सावलीतली झाडी, उन्हात पिवळं पडलेलं सपाट गवत, दूरची टेकडी. मग तिच्या पुढे पक्ष्यांची ठरलेली बैठक आहे का ते पाहते. वेडा राघू, कोतवाल, खाटीक, खंड्या हे एका ठिकाणाहून झेप घेतात आणि बऱ्याचदा तिथेच परत येतात. अशा काडीच्या खाली विष्ठेचे पांढरे ओघळ असतात, वेड्या राघूच्या बैठकीखाली चतुरांचे तुटलेले पंख पडलेले असतात. ते दिसले की शोध संपला. सूर्य पाठीशी घ्यायचा, जमलं तर वाराही पाठीशी, कारण पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने येऊन उतरतात. आणि मग बसायचं. वेडा राघू चतुर पकडून परत येतो, त्याला काडीवर आपटतो, घशात ढकलण्याआधी एकदा उडवून नीट पकडतो, आणि या सगळ्या वेळात त्याच्या मागचं बॅकग्राउंड मी आधीच पाहून ठेवलेलं असतं. मला फक्त त्याच्याकडे बघायचं उरतं.

प्रकाशाचा उपयोग पुष्कळांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. पक्षी उन्हात आणि मागची झाडी गर्द सावलीत असेल तर सावलीतला सगळा पसारा काळा होतो. बगळ्यासाठी याच्यासारखी सोय नाही. पण कॅमेऱ्यातला प्रकाशमापक त्या काळ्या पसाऱ्याला उजळवायला जातो आणि पांढरी पिसं जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी होतात, म्हणून एक्स्पोजर एक ते दोन स्टॉपने खाली आणावं लागतं (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा, वर म्हणजे दुप्पट). ढगाळ आकाश मागे असेल तर याच्या उलट, एक-दोन स्टॉप वर, म्हणजे आकाश कागदासारखं पांढरं होतं आणि पक्षी काळा पडत नाही. जुन्या काळी फ्लॅशने काढलेल्या घुबडांच्या फोटोंत मागे मिट्ट काळोख दिसतो त्याचं कारणही साधं आहे. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, दुप्पट अंतरावर चौथा हिस्साच पोचतो.

स्वच्छ म्हणजे रिकामं, असा अर्थ मात्र घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक पक्षी एकाच पोपटी पडद्यासमोर बसलेला पाहिला की मला तो पक्षी बेघर वाटतो. माळावरच्या चंडोलाच्या मागे मातकट पिवळा हवा, पाणथळीतल्या शेकाट्याच्या मागे पाण्याचा करडा, दाट रानातल्या पक्ष्याच्या मागे काळपट हिरवा. तपशील विरघळले तरी चालतील, रंग त्या जागेचाच हवा, ऋतूही कळायला हवा. पालवीचा हिरवा आणि पावसातला हिरवा वेगळे असतात, आणि ते बॅकग्राउंडमध्ये छान टिकतात.

म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये बॅकग्राउंड बदलायला माझा विरोध आहे. पिसांच्या बारीक कडा कापल्या जातात, हे तर आहेच. पण त्याहून मोठी अडचण पक्ष्याच्या अंगावर असते. गवतावर बसलेल्या पांढऱ्या पोटाच्या पक्ष्याला खालून हिरवट छटा येते, वाळूवरच्याला उबदार पिवळसर. जागेने त्याच्या अंगावर टाकलेला हा उजेड असतो. मागे दुसरं रान चिकटवलं तरी पोट पहिल्याच रानाचं राहतं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही स्पर्धाही फोटोत काही घालायला किंवा त्यातून काढायला मनाई करते. कोपऱ्यातला एखादा भगभगीत ठिपका थोडा मंद करणं मला चालतं, त्यापुढे नाही.

आणि बॅकग्राउंड स्वच्छ करण्यासाठी पक्ष्याच्या आसपास फांद्या तोडणं तर अजिबात नाही. घरट्यापाशी तर विचारही नको. पक्ष्यांच्या फोटोग्राफीची सुरुवातच घरट्यापासून झाली, हे खरं आहे. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचा फोटो घेतला, तो त्या प्रकारचा पहिला फोटो मानला जातो. पुढे ते बैलाच्या कातड्याने मढवलेल्या पोकळ सांगाड्यात दडून पक्ष्यांजवळ जात. कॅमेरे अवजड, फोटो ज्यांच्यावर उमटायचा त्या काचेच्या प्लेट मंद, त्यामुळे पक्षी नक्की परत येईल अशी जागा म्हणजे घरटं, याला त्यांच्याकडे फारसा पर्याय नव्हता. आज आपल्याकडे आहे. घरट्यापुढचं एक पान बाजूला केलं तर आपल्याला मोकळी चौकट मिळते, आणि कावळ्यालाही मिळते. पिल्लांना पहिल्या काही दिवसांत स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही, त्या पानाची सावली हीच त्यांची सोय असते. अमेरिकेतल्या नॅशनल ऑडुबॉन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांतही घरट्याभोवतीची पानं-फांद्या जशाच्या तशा ठेवायला सांगितलं आहे. मी घरट्यांचे फोटो काढतच नाही.

शेवटी राहतात ते पक्षी, जे मोकळ्या काडीवर येतच नाहीत. शिंपी, वटवटे, झुडपाच्या पोटात वावरणारे सगळे. त्यांच्या मागे पाव मीटरवर फांदी, पुढे पाव मीटरवर फांदी. एफ/४ने तिथे सगळ्यात वाईट चित्र मिळतं, कारण फांद्या धड टोकदारही नसतात आणि धड विरघळतही नाहीत. अशा वेळी मी मागे सरकते, फ्रेम मोठी घेते, एफ/८ किंवा एफ/११वर जाते आणि अख्खं झुडूप काट्यापानांसकट टोकदार येऊ देते. शिंपी त्यात छोटा दिसतो, कधी शोधावा लागतो. मग मी फांद्यांची रचना पाहते, त्यांच्यात एखादी मोकळी खिडकी आहे का, आणि तो उड्या मारत त्या खिडकीत येईपर्यंत बोट शटरवर ठेवून थांबते. बऱ्याचदा तो खिडकीच्या शेजारून निघून जातो, पण पाचेक मिनिटांत त्याच झुडपात परत येतो, आणि तेवढ्यात एखादं पाऊल इकडेतिकडे सरकून खिडकीच्या मागची जागा थोडी गडद करून घेता येते.